निबंधाची बांधणी आणि आंबेडकरांचा १९१६ चा निबंध

पदवीच्या पहिल्या वर्षाचे स्वाध्याय तपासणाऱ्या प्राध्यापकांना एक नमुना तोंडपाठ झालेला असतो. पहिला परिच्छेद 'प्राचीन काळापासून' असा सुरू होतो आणि विषयाचे महत्त्व सांगतो. नंतर पाच-सहा मुद्दे येतात, प्रत्येकाखाली रेघ मारलेली असते. शेवटचा परिच्छेद 'अशा प्रकारे' या शब्दांनी उघडतो आणि पहिल्यात जे सांगितले तेच पुन्हा सांगून मिटतो. प्रस्तावना, विषयप्रतिपादन, समारोप हे तिन्ही भाग जागच्या जागी असतात. आराखड्याप्रमाणे गुण द्यायचे तर ते पूर्ण द्यावे लागतील. तरीही वाचून झाल्यावर विद्यार्थ्याचे म्हणणे काय, हे सांगता येत नाही. दोन मुद्द्यांची अदलाबदल केली, एखादा गाळला, तरी काही बिघडत नाही.

हा दोष विद्यार्थ्याच्या आळसाचा म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण त्याने शिकवले तेच केले आहे. शाळेत त्याने 'विज्ञान : शाप की वरदान' लिहिले. त्या निबंधात अर्धी बाजू शापाची, अर्धी वरदानाची, आणि शेवटी 'वापरणाऱ्यावर अवलंबून' असा निकाल. म्हणजे निकालच नाही. परीक्षेच्या दृष्टीने ती सुरक्षित जागा असते. महाविद्यालयात आल्यावर विषय बदलतो, 'संदर्भ' नावाची यादी शेवटी जोडली जाते, आणि तोच निबंध 'सेमिनार पेपर' म्हणून सादर होतो. प्रस्तावना-प्रतिपादन-समारोप ही मजकूर ठेवायची तीन भांडी आहेत. भांड्यात काय शिजवायचे, हे त्यांवरून कळत नाही.

'निबंध' या शब्दालाही इतिहास आहे. धर्मशास्त्राच्या परंपरेत निबंध म्हणजे निरनिराळ्या स्मृतींतील वचने विषयवार एकत्र बांधणारा ग्रंथ. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याचा 'चतुर्वर्गचिंतामणी' हा अशा ग्रंथांपैकी एक, आणि कमलाकरभट्टाचा १६१२ चा 'निर्णयसिंधु' हा दुसरा. दुसऱ्या नावाकडे लक्ष द्यावे. वचने गोळा केल्यावर त्यांत विरोध आढळला तर निबंधकाराने निर्णय द्यायचा असे. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली आणि मराठीत निबंध म्हणजे लेखकाचे ठाम मत मांडणारे गद्य असा अर्थ रुळला. आजच्या स्वाध्यायात पहिल्या परंपरेचे संकलन उरले आहे, निर्णय गळाला आहे. दुसऱ्या परंपरेचा आवेश अधूनमधून दिसतो, मत दिसत नाही. सीमाभागातल्या किंवा हैदराबादच्या ज्या विद्यार्थ्यांच्या घरी उर्दू किंवा दखनी बोलली जाते, त्यांच्याकडे या दोन गोष्टींसाठी दोन शब्द आहेत. शाळेत लिहायचा तो 'मज़मून', विद्वत्सभेत वाचायचा तो 'मक़ाला'. मराठीनेही 'शोधनिबंध' हा शब्द केला आहे, पण वर्गात फरक शब्दापुरताच राहतो.

तो फरक समजावण्यासाठी नियमांची यादी देण्यापेक्षा एक चांगला निबंध उलगडून पाहणे अधिक फलदायी ठरते. यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'कास्ट्स इन इंडिया : देअर मेकॅनिझम, जेनेसिस अँड डेव्हलपमेंट' हा निबंध निवडावा, असे अनेक कारणांनी सुचते. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे अध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी हा निबंध वाचला. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला, आणि १९७९ पासून महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो सहज मिळतो. वाचला तेव्हा लेखकाचे वय पंचवीस होते. म्हणजे शब्दशः हा एका विद्यार्थ्याचा सेमिनार पेपर आहे. त्याची लांबीही एका बैठकीत वाचून व्हावी एवढीच आहे.

या निबंधाची ख्याती त्यातील सिद्धान्तामुळे आहे. त्याच्या बांधणीकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

विषय लहान करणे

सुरुवात काहीशी पसरट आहे, हे मान्य करावे लागेल. वस्तूंची प्रदर्शने सर्वांनी पाहिलेली असतात, मानवी संस्थांचे प्रदर्शन ही कल्पना मात्र विचित्र वाटेल, अशा आशयाने आंबेडकर बोलू लागतात. पाँपेईच्या अवशेषांत प्रवाशांना माहिती सांगणाऱ्या वाटाड्याची उपमाही येते. समोर सहाध्यायी आणि अध्यापक बसले आहेत, आणि आपली पाळी आली आहे, हे त्यात जाणवते. छापील लेखात हा भाग कापता आला असता.

पण त्यानंतर लगेच जे येते ते आपल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत क्वचितच सापडते. जातीचा प्रश्न तात्त्विक दृष्टीने आणि व्यवहारातही प्रचंड आहे, आपल्यापेक्षा तीक्ष्ण बुद्धीच्या माणसांना तो उलगडलेला नाही, असे सांगून आंबेडकर स्वतःपुरते क्षेत्र आखून घेतात. जातिसंस्थेची उत्पत्ती, तिची यंत्रणा आणि तिचा प्रसार, एवढ्याच गोष्टींबद्दल आपण बोलू; याबाहेरचे काही आलेच तर मूळ मुद्दा स्पष्ट करण्यापुरते किंवा त्याला आधार देण्यापुरते येईल, असा करार ते श्रोत्यांशी करतात. शीर्षकातील तीन शब्द म्हणजे हाच करार. जातीचे दुष्परिणाम, जातिनिर्मूलनाचे उपाय, संतांनी काय म्हटले, हे सारे या निबंधात नाही. ज्या माणसाला या विषयावर सांगण्यासारखे सर्वांत जास्त होते, ज्याने स्वतः ते भोगले होते, त्याने ते बाहेर ठेवले. विषय लहान करणे म्हणजे काय, हे वर्गात सांगताना यापेक्षा समर्पक उदाहरण मिळणे कठीण.

प्रश्न मात्र अजून तयार झालेला नसतो. विषय आणि प्रश्न यांत अंतर असते. 'भारतातील जाती' हा विषय झाला. आंबेडकर त्यातून कोडे काढतात. भारताच्या लोकसंख्येत अनेक वंश मिसळले आहेत, पण संस्कृतीने हा समाज एकजिनसी आहे, असे त्यांचे गृहीत आहे. मुळातच वेगळे असलेले गट शेजारी शेजारी राहिले असते तर जात समजावून सांगण्यासारखे काही उरलेच नसते. जात म्हणजे जे आधीच एकसंध होते त्याचे तुकडे पडणे; मग ते पडले कसे आणि टिकले कसे? उत्तर आधीपासून ठाऊक नाही आणि वेगवेगळी उत्तरे शक्य आहेत, तेव्हाच वाक्याला प्रश्न म्हणता येते. स्वाध्यायाला दिलेल्या बहुतेक विषयांना ही कसोटी लावली तर प्राध्यापकांनाही स्वतःकडे पाहावे लागेल. 'पर्यावरणाचे महत्त्व विशद करा' यात प्रश्न कुठे आहे?

पूर्वसूरींचा उपयोग

निबंधातील सर्वांत शिकण्यासारखा भाग चार व्याख्यांचा आहे. फ्रेंच अभ्यासक सेनार, ब्रिटिश अमदानीतील नेसफील्ड आणि सर हर्बर्ट रिस्ले, आणि चौथे श्रीधर व्यंकटेश केतकर. हेच केतकर पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक झाले. त्यांचे 'हिस्ट्री ऑफ कास्ट इन इंडिया' हे इंग्रजी पुस्तक १९०९ चे. चौघांच्या व्याख्या आंबेडकर एकापुढे एक ठेवतात.

इथवर आपला विद्यार्थीही पोचतो. 'अमुक यांच्या मते', 'तमुक यांच्या मते' अशी व्याख्यांची रांग लावण्यात तो तरबेज असतो. फरक रांग संपल्यावर पडतो. विद्यार्थी 'वरील व्याख्यांवरून असे दिसून येते की' असे लिहून सगळ्यांची बेरीज करतो. आंबेडकर वजाबाकी करतात. सेनारने विटाळाला दिलेले महत्त्व ते तपासतात आणि म्हणतात की विटाळाची कल्पना पुरोहितवर्गाच्या कर्मकांडातून आलेली आहे. ती काढून टाकली तरी जातीचे काम अडत नाही, म्हणून ते जातीचे सारभूत लक्षण नव्हे. नेसफील्डचा रोटीबंदीवरचा भर हा परिणामालाच कारण समजण्याचा प्रकार आहे. गट आपल्यापुरता बंद झाला की बाहेरच्यांबरोबरचे खाणेपिणे आपोआप थांबते. रिस्लेमध्ये नवीन काही नाही, म्हणून त्याला एका दमात मागे टाकले आहे. ही घाईसुद्धा पाहण्यासारखी आहे. प्रत्येक पूर्वसूरीला सारखी जागा देण्याचे बंधन निबंधकारावर नसते.

केतकरांजवळ ते थांबतात. ज्याच्याशी मतभेद सर्वांत कमी त्याच्याशी सर्वांत जास्त चर्चा, ही गोष्ट नवशिक्याला उलटी वाटेल. जातीची व्याख्या एकट्या जातीकडे पाहून न करता जातिव्यवस्थेच्या संदर्भात केली, याचे श्रेय आंबेडकर केतकरांना मोकळेपणाने देतात. केतकर दोन लक्षणे सांगतात. एक, जातीबाहेर विवाहाला बंदी. दोन, सभासदत्व जन्मानेच मिळणे. आंबेडकरांचा आक्षेप एवढाच की ही दोन लक्षणे नाहीत, एकच आहे. बाहेर लग्न करू दिले नाही की आत जन्मलेलेच आत राहणार. आक्षेप छोटा आहे, पण त्याने चार व्याख्यांतल्या लक्षणांपैकी एकच शिल्लक राहते, ते म्हणजे अंतर्विवाह. पुढचा सगळा निबंध त्यावर उभा आहे.

म्हणजे व्याख्यांचा भाग ही सजावट नव्हती. व्याख्या तपासता तपासता निबंधाचे प्रतिपादन हाती आले. पूर्वीच्या अभ्यासाचा आढावा असा घेतला जातो. आढाव्याच्या शेवटी लेखक सुरुवातीला होता तिथेच राहिला असेल तर त्याने आढावा घेतलेला नाही, यादी केली आहे.

पुढची पायरी मागच्या पायरीवर

यानंतरची मांडणी पायऱ्यांची आहे. भारतीय समाजात बहिर्विवाहाचा, म्हणजे सगोत्र आणि सपिंड विवाह टाळण्याचा नियम पूर्वीपासून कडक आहे. अशा समाजाला अंतर्विवाह परका. तेव्हा बहिर्विवाहावर अंतर्विवाहाचा थर चढणे, हीच जातीची निर्मिती. इथे अमेरिकन श्रोत्यांच्या मनात येणारी शंका आंबेडकर स्वतःच घेतात. अमेरिकेतही गोरे आणि काळे आपापसांत विवाह करत नाहीत, मग तिथे जाती आहेत असे म्हणायचे का? उत्तर मागच्या पायरीवरून येते: तिथले गट मुळातच वेगळे, भारतातील प्रश्न एकसंध समाजाच्या तुकड्यांचा.

मग ते एक काल्पनिक गट घेतात. एखाद्या गटाने ठरवले की आपण आपल्यातच लग्ने करायची, तर त्याच्यापुढे अडचण कोणती येईल? स्त्री-पुरुषांची संख्या साधारण समान राहिली पाहिजे. नवरा आधी गेला तर एक स्त्री 'जादा' उरते, बायको आधी गेली तर एक पुरुष. जादा उरलेली स्त्री गटाबाहेर लग्न करील आणि कुंपण मोडेल, किंवा गटात दुसरे लग्न करील आणि एखाद्या कुमारिकेचा वर घेईल. तिच्यासाठी दोन मार्ग निघतात: पतीबरोबर जाळणे किंवा सक्तीचे वैधव्य. पुरुषासाठीही दोन: ब्रह्मचर्य, किंवा अजून लग्नाच्या वयात न आलेल्या मुलींतून वधू. एवढे झाल्यावर आंबेडकर काल्पनिक गट बाजूला सारून हिंदू समाजाकडे बोट दाखवतात. तिथे सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चाली हजर आहेत.

या जागेला थोडे थांबायला हवे. सतीची आणि बालविवाहाची कहाणी भावनेने सांगणे कोणालाही जमते. इथे ती हिशेबाच्या कोरड्या भाषेत आली आहे आणि त्यामुळे अधिक अंगावर येते. बांधणीच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की आधी अपेक्षा तयार केली आणि नंतर पुरावा दाखवला. क्रम उलटा असता, म्हणजे आधी तीन चालींचे वर्णन आणि मग त्यांचे स्पष्टीकरण, तर तेच म्हणणे कमजोर झाले असते. क्रम हाही युक्तिवादाचा भाग असतो. परिच्छेदांची अदलाबदल करून पाहावी ही सुरुवातीची कसोटी या निबंधाला लावली, तर पहिल्याच अदलाबदलीत तो कोसळतो.

विरोधकाची जागा

भारतीय तर्कपरंपरेत पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धान्त मांडता येत नाही. इस्लामी तत्त्वज्ञानातही ही शिस्त होती. इमाम गझाली यांनी तत्त्वज्ञांचे खंडन करणारा 'तहाफुत अल-फलासिफा' लिहिला, पण त्यांची मते सरळपणे मांडणारा 'मकासिद अल-फलासिफा' हा वेगळा ग्रंथही त्यांच्या नावावर आहे. पुढे इब्न रुश्द यांनी 'तहाफुत अत-तहाफुत'मध्ये गझालींचा मजकूर टप्प्याटप्प्याने समोर ठेवून उत्तर दिले. गझालींनी आपले म्हणणे सुटे सुटे करून मांडले होते, म्हणून तसे उत्तर देता आले.

आंबेडकरांच्या निबंधात विरोधकांची फळी तिहेरी आहे. मनूने जाती निर्माण केल्या, हे पहिले मत. ब्राह्मणांनी उपदेशाने किंवा सक्तीने त्या इतरांवर लादल्या, हे त्याचेच दुसरे रूप. आणि व्यवसाय, जुनी टोळीसंघटना, नवे पंथ, संकर, स्थलांतर यांतून जाती जन्मल्या, हे पाश्चात्त्य अभ्यासकांचे मत. मनूविषयी आंबेडकरांच्या मनात काय होते हे १९२७ मध्ये महाडला जगाने पाहिले. पण १९१६ च्या निबंधात ते म्हणतात की कोणताही एक माणूस कायदा करून एवढी संस्था उभी करू शकत नाही. जात मनूच्या आधी होती, त्याने तिला नियमांत बसवले आणि तिचे तत्त्वज्ञान केले. ब्राह्मणांवर अनेक आरोप करता येतील, पण बाकीच्या समाजावर जात लादणे त्यांच्या शक्तीबाहेरचे होते, असेही ते सांगतात. स्वतःला सोयीचा पुरावा तपासून बाजूला ठेवण्याची ही तयारी निबंधलेखनात शिकवायची सर्वांत अवघड गोष्ट आहे. ती आराखड्यात बसत नाही.

पाश्चात्त्य मताला दिलेले उत्तर दोन वाक्यांत सांगता येते. व्यवसाय, पंथ, स्थलांतर या गोष्टी जगात सगळीकडे आहेत. मग इतरत्र त्यांच्याभोवती जाती का तयार झाल्या नाहीत? 'कारण' म्हणून जे सांगितले ते दुसरीकडेही आहे आणि परिणाम मात्र नाही, तर ते पुरेसे कारण नव्हे. ही एक कसोटी विद्यार्थ्याला उचलता आली तरी त्याचे अर्धे स्वाध्याय सुधारतील. 'मोबाइलमुळे वाचन कमी झाले' असे लिहिणाऱ्याने मोबाइल आहे आणि वाचनही टिकून आहे असे घर शोधावे.

कुठे असहमत व्हावे

निबंध निर्दोष नाही. तो वर्गात पूज्य वस्तू म्हणून वाचला तर सगळे श्रम वाया जातील.

पहिली अडचण त्या जादा स्त्री-पुरुषांच्या हिशेबात आहे. महाराष्ट्रात मराठा, कुणबी आणि अन्य अनेक जातींत विधवेचा 'पाट' लावण्याची रीत होती. विधवेचे लग्न अनेकदा विधुराशी होई. म्हणजे जादा स्त्री आणि जादा पुरुष एकमेकांची व्यवस्था लावत आणि जातीचे कुंपणही शाबूत राही. आंबेडकरांनी मोजलेल्या चार मार्गांत हा मार्ग नाही. तो धरला तर सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह यांशिवाय अंतर्विवाह टिकत नाही, हे विधान सैल पडते. या जातींनी वरच्यांचे अर्धवट अनुकरण केले, असे आंबेडकरांच्या बाजूने म्हणता येईल. पण ते त्या चाली कशा पसरल्या याचे उत्तर झाले; यंत्रणेसाठी त्या अपरिहार्य का, याचे नव्हे.

दुसरी अडचण अनुकरणाच्या टप्प्यावर आहे. सर्वप्रथम एका वर्गाने, म्हणजे ब्राह्मणांनी, आपले दार लावून घेतले. इतरांनी त्यांचे अनुकरण केले किंवा त्यांना दार बंद आढळले, हा त्यांचा सिद्धान्त. आधाराला गाब्रिएल तार्द आणि वॉल्टर बॅजट यांचे अनुकरणाविषयीचे विचार घेतले आहेत. ब्राह्मणांना जवळच्या जातींत तिन्ही चाली, जरा दूरच्यांत वैधव्य आणि बालविवाह, आणखी दूर फक्त बालविवाह, अशी उतरंड पुरावा म्हणून दिली आहे. कल्पना तल्लख आहे. पण कोणती जात कुठे बसते, हे एकाही जिल्ह्याच्या माहितीने दाखवलेले नाही. आधीच्या पायऱ्यांना तर्क पुरत होता, इथे नोंदी हव्या होत्या. निबंधातील सर्वांत आत्मविश्वासाची भाषा नेमकी या सर्वांत कच्च्या जागी आहे, ही गंमत विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावी. भाषेचा जोर वाढला की तिथला पुरावा तपासावा.

एक विसंगती नेहमी दाखवली जाते. १९१६ मध्ये शास्त्रकारांना जातीचा जनक मानायला नकार देणारे आंबेडकर १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये शास्त्रांच्या प्रामाण्यावरच घाव घाला असे सांगतात. दोन्ही लेखनांचे प्रश्न शेजारी लिहून ठेवले की विसंगती विरते. पहिल्याचा प्रश्न जात उत्पन्न कशी झाली आणि पसरली कशी हा आहे. दुसऱ्याचा, ती मोडायची कशी. शास्त्राने जात जन्माला घातली नसेल, तरी आता तिला जिवंत ठेवणारी श्रद्धा शास्त्रावरची असू शकते. दोन्हींची बांधणीही वेगळी आहे. १९३६ चे ते भाषण लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेले होते. परिषद झाली नाही आणि ते छापून निघाले. तिथे आवाहन आहे, संताप आहे, श्रोत्यांना केलेले थेट संबोधन आहे. ते सारे तिथे शोभते. सेमिनारच्या निबंधात तेच शोभले नसते, आणि १९१६ मध्ये आंबेडकरांनी ते येऊ दिले नाही.

वरचे दोन आक्षेप घेता आले, याचे कारण निबंधाची बांधणी हेच आहे. कोणत्या पायरीवर पाय ठेवायचा आणि कोणती पायरी हलते, हे दिसते. 'शाप की वरदान' या जातीच्या निबंधाशी असहमत होता येत नाही, कारण त्यात धरायला काही नसते. वाचकाला सहमत करण्यासाठी बांधणी लागते हे खरेच, पण वाचकाला आपली चूक नेमकी दाखवता यावी म्हणूनही ती लागते.

समारोपाविषयी

शेवटाकडे आंबेडकर चार विधाने करतात: लोकसंख्या मिश्र असूनही समाजाला खोल सांस्कृतिक ऐक्य आहे, जात म्हणजे मोठ्या सांस्कृतिक एककाचे तुकडे, आरंभी एकच जात होती, आणि अनुकरण व बहिष्कार यांतून वर्गांच्या जाती झाल्या. ही उजळणी आहे असे वाटेल. पण पहिल्या परिच्छेदात यांतले एकही विधान करणे शक्य नव्हते. समारोपातले वाक्य प्रस्तावनेत जसेच्या तसे बसत असेल, तर मधली पाने कशासाठी लिहिली, असा प्रश्न पडतो.

त्यानंतर ते आणखी एक गोष्ट करतात. आपला सिद्धान्त अंतिम नाही, अभ्यासाची योग्य दिशा दाखवणे हा आपला हेतू होता, या विषयात भावनेला शास्त्राच्या प्रांतात येऊ देता कामा नये, आणि सिद्धान्त टिकणारा नाही असे कोणी दाखवून दिले तर तो सोडायला आपण तितकेच तयार आहोत, असे ते सांगतात. औपचारिक नम्रता म्हणून हे सोडून देता आले असते. पण चार व्याख्या तपासणारा, मनूलाही त्याच्या वाट्यापेक्षा जास्त दोष न देणारा लेखक हे म्हणतो, तेव्हा त्यावर विश्वास बसतो.

वर्गात हा निबंध दोन तासिकांत वाचून होतो. पहिल्या तासिकेत प्रत्येक परिच्छेदाच्या समासात विद्यार्थ्यांनी एकेक वाक्य लिहावे: हा परिच्छेद काय सांगतो हे नव्हे, तो मागच्या परिच्छेदाचे काय करतो ते. 'व्याख्या नाकारतो', 'शंका घेतो', 'उदाहरणाने पडताळतो', 'मर्यादा घालतो'. दुसऱ्या तासिकेत तीच क्रिया विद्यार्थ्याच्या स्वतःच्या स्वाध्यायावर करावी. बहुतेकांच्या समासात 'माहिती देतो' हे दोनच शब्द ओळीने खाली उतरत जातील. ते त्यांनीच लिहिलेले असतील, आणि प्राध्यापकाला लाल शाई वापरावी लागणार नाही.